वाटीभर भात म्हणजे किती ग्रॅम?
(तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं)

या वेळी पत्रं आणि मेसेज उघडून बसले तर एकाच गोष्टीवर पाच निघाले, शिजलेला भात वाटीने मोजायचा की काट्यावर, आणि वाटीचे ग्रॅम करायचे कसे. आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे दोन्ही टाइम भात, पोळी असली तरी शेवटी भात लागतोच, त्यामुळे हा प्रश्न शाळेत पण आहे, दवाखान्यात पण आहे अन् लग्नाच्या मांडवात पण आहे. मी बरीच वर्षं मुलींच्या वसतिगृहाची मेस सांभाळली, रोज दीडशे ताटं, म्हणून यावर मला मनापासून बोलायचं आहे. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, हा अंक भाताचा.

प्रश्न : ताई नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचं जेवण बनवते, पहिली ते पाचवी, 46 पोट्टे आहेत. सर मले एका पोराचे 100 ग्रॅम असे 4 किलो 600 ग्रॅम तांदूळ मोजून देतात. मागच्या आठवड्यात एक जण तपासायले आले, त्यांनी एका ताटातला भात काट्यावर ठेवला, 270 ग्रॅम भरला. म्हणाले नियम 100 चा आहे, तुमी एवढा काहून वाढून राहिल्या, बाकीच्या दिवशी कमी शिजवता का. सगळ्यांसमोर म्हणाले. मले उत्तर देता नाही आलं. सांगा, माझं काय चुकलं?
– स्वयंपाकी ताई, साकोली तालुका

उत्तर : ताई, तुमचं काहीच चुकलं नाही, उलट तुमचं माप इतकं बरोबर आहे की मी तुमचं पत्र दोनदा वाचलं. चूक त्यांची झाली, त्यांनी कच्च्या तांदळाचा नियम शिजलेल्या भाताला लावला. पीएम पोषण योजनेत, म्हणजे ज्याला आपण अजून मध्यान्ह भोजन किंवा शाळेची खिचडी म्हणतो, पहिली ते पाचवीच्या पोराला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल असं ठरवून दिलं आहे, आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. हे सगळे आकडे कच्च्या मालाचे आहेत, चुलीवर जायच्या आधीचे. त्यातून लहान्या पोराला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन मिळावं, मोठ्याला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रोटीन, असा हिशोब बसवला आहे.

आता तांदूळ शिजताना पाणी पितो. 100 ग्रॅम तांदळाचा भात अडीचशे ते तीनशे ग्रॅम होतो, तांदूळ कसा आहे अन् पाणी किती घातलं त्यावर. तुमचा 270 झाला म्हणजे 2.7 पट, अगदी घरच्यासारखा नीट शिजलेला भात. आणि समजा तुम्ही घाबरून उद्यापासून ताटात 100 ग्रॅमच भात वाढला, तर त्या पोराच्या पोटात तांदूळ गेला फक्त 37 ग्रॅम. कच्च्या 100 ग्रॅम तांदळात साधारण 350 कॅलरी असतात आणि शिजलेल्या 100 ग्रॅम भातात 130 च्या आसपास, बाकी सगळं पाणी. म्हणजे पोराचा जवळजवळ दोन तृतीयांश घास त्या एका गैरसमजात गेला असता. म्हणून मी हे इतकं लांबवून सांगते आहे, कुणी काही म्हणो, ताटातला भात कमी करू नका.

उत्तर द्यायला हाताशी कागद पाहिजे, तर तो असा बनवा. तुमचा भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, रिकामा, कोरडा, झाकण न ठेवता काट्यावर ठेवा आणि जे वजन येईल ते गंजाच्या कानाजवळ पक्क्या मार्करने लिहून टाका, पुसलं की परत लिहायचं. मग रोजचा भात शिजला, वाफ जिरली, की भरलेला गंज तोलायचा अन् त्यातून रिकाम्याचं वजन वजा. समजा गंज 3 किलो 400, भातासकट भरला 15 किलो 800, तर भात झाला 12 किलो 400. भागिले 46 पोरं, 269 ग्रॅम अन् वर थोडं. झाला हिशोब. त्या दिवशी 40 पोरं असली अन् 4 किलोच तांदूळ घेतला तरी भागाकार तोच, एकूण शिजलेलं भागिले हजर पोरं. खिचडी असली तर डाळ, भाजी, पाणी सगळं त्याच वजनात येतं, त्यामुळे ताटात 400 ग्रॅमच्या आसपास खिचडी गेली तरी दचकायचं नाही, पातळ केली तर अजून जास्त, तिथे पण एकूण भागिले पोरं.

वाढताना मात्र प्रत्येक ताट काट्यावर ठेवणं होत नाही, तिथे डाव लागतो. तर एक डाव ठरवून घ्या, रोज तोच. त्याने पाच डाव भात एका रिकाम्या ताटात काढा, दोन वरचे, दोन मधले, एक तळाचा, कारण वरचा भात मोकळा असतो आणि तळाचा वजनाने दबलेला, डाव तेवढाच दिसतो पण तळाचा जड भरतो. पाचही मिळून तोला आणि पाचने भागा. 680 भरले तर एक डाव 136 ग्रॅम, दोन डाव म्हणजे 272, तुमच्या एका पोराचं ताट. अन् वाढणारी बाई बदलली की हे परत करा, कारण एकीचा डाव शीग लावलेला असतो, दुसरीचा सपाट.

एक गोष्ट मी मेसमध्ये स्वतः बघितली ती सांगते. उतरवलेला भात ताटात घेऊन लगेच काट्यावर ठेवला ना, तर आकडा थांबतच नाही, 512, 511, 510 असा खाली खाली येत राहतो, कारण वाफ उडून जाते अन् ते पाण्याचंच वजन असतं. म्हणून झाकून दहा मिनिटं जिरू द्या, मग तोला. आणि गरम गंज सरळ इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवू नका, काटा तापला की चुकीचा दाखवतो, खाली लाकडी पाट ठेवा, पाट ठेवून काटा शून्यावर घ्या, मग गंज.

तारीख, तांदूळ किती, पोरं किती, शिजलेला भात किती, असे चार रकाने एका वहीत आठ दिवस लिहा. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर वही समोर ठेवायची, बोलायची पण गरज नाही.

प्रश्न : ताई, माझ्या मामाजींना (सासऱ्यांना) शुगर निघाली. आहाराच्या कागदावर दुपारी "भात 150 ग्रॅम" लिहून दिलं आहे. घरी काटा नाही. मोबाईलवर पाहिलं तर कुठे एक वाटी म्हणजे 100 ग्रॅम लिहिलंय, कुठे 150, कुठे 200. मामाजी म्हणतात दोन वाट्या तर चालतेच. जन्मभर धानाच्या शेतीत राबले, भाताशिवाय त्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही. काय करू?
– एक सून, सिंदेवाही

उत्तर : बाई, सगळ्यात आधी दवाखान्यात एकच गोष्ट विचारून घ्या, 150 ग्रॅम कच्चा तांदूळ की शिजलेला भात. फोनवर विचारलं तरी चालेल पण विचाराच, कारण यात फरक फार मोठा आहे. शिजलेल्या 150 ग्रॅम भातात कार्बोहायड्रेट साधारण 42 ग्रॅम असतात, कच्च्या 150 ग्रॅम तांदळात सव्वाशेच्या जवळ, म्हणजे जवळजवळ तिप्पट. बहुतेक शिजलेलाच असणार पण अंदाजावर नको, आणि इन्सुलिन चालू असेल तर भाताचं प्रमाण आपल्या मनाने कमी-जास्त करायचंच नाही.

शिजलेला धरून पुढे सांगते. मोबाईलवर तीन आकडे दिसले त्यात खोटं कोणीच नाही, वाट्या वेगळ्या आहेत. वाटी म्हणजे काही सरकारी माप नाही, स्टीलची रोजची वाटी कुठे 120 मिली, कुठे 150, कुठे 200 मिलीची. मेसमध्ये पहिल्या वर्षी मला एक छापील तक्ता मिळाला होता, एक वाटी भात 150 ग्रॅम, मी त्याच्यावर भरवसा ठेवून वाट्या मोजून वाढायला लावल्या. आमच्या वाट्या निघाल्या 120 मिलीच्या, त्यात मोकळा भात 80 ग्रॅमच बसत होता. पोरी अर्धपोटी उठत होत्या अन् लाजून बोलत नव्हत्या, एका पोरीने रात्री येऊन सांगितलं तेव्हा कळलं. ते मी अजून विसरले नाही, म्हणून कुणी "एक वाटी" म्हटलं की मी आधी विचारते, कोणती वाटी.

तर तुमची वाटी मोजा. घरात लहान लेकरू असेल तर औषधाच्या बाटलीबरोबर आलेलं मापाचं झाकण असेल, त्याने पाणी भरत जा अन् किती मिली मावलं ते मोजा. नाहीतर वाटी घेऊन सरळ किराणा दुकानात जा, त्यांच्या काट्यावर रिकामी वाटी तोला, मग काठोकाठ पाणी भरून तोला, जितके ग्रॅम पाणी तितके मिली वाटी, पाण्याचं हे बरं आहे, मिली आणि ग्रॅम एकच. भाताचं तसं नाही. मोकळा फडफडीत भात 100 मिलीच्या जागेत 65 ते 70 ग्रॅम बसतो, आणि डावाने दाबला किंवा मूद पाडली तर 80 च्या वर जातो. म्हणजे 150 मिलीच्या वाटीत मोकळा भात 100 ग्रॅम, दाबलेला 120 ते 125. मामाजींच्या दोन वाट्या म्हणजे 200 पण असू शकतात आणि 250 पण. त्यांचे 150 ग्रॅम म्हणजे अशा वाटीने मोकळा दीड वाटी, न दाबता.

पण खरं सांगू, शिजल्यावर मोजण्यापेक्षा शिजवायच्या आधी मोजणं तुम्हाला सोपं जाईल. 150 ग्रॅम भात म्हणजे 55 ग्रॅम तांदूळ. दुकानातून एकदा 55 ग्रॅम तांदूळ तोलून आणा, घरी एका लहान डबीत ओता अन् जिथपर्यंत आला तिथे रेघ मारा. ती मामाजींची डबी. त्यांचा भात लहान्या भांड्यात वेगळा लावायचा, कुकरमध्ये बाकीच्या भातावर ठेवला तरी होतो, आणि तो सगळा त्यांनी खायचा, मोजायची कटकटच नाही. आणि म्हातारं माणूस ताटाकडे बघून "एवढाच?" म्हणतं तेव्हा तुम्हाला वाईट वाटतं, त्यांना पण वाटतं, म्हणून भात लहान ताटलीत वाढा, बाजूला भाजी अन् घट्ट वरण भरपूर.

पेज काढून टाकली तर जास्त भात चालतो का, हे तुम्ही विचारलं नाही पण घरात कोणीतरी म्हणेलच. पेजेबरोबर थोडा स्टार्च जातो, सगळा नाही. वजन तेच ठेवा.

प्रश्न : ताई, मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे, गावातच मांडव. 300 माणसं धरली आहेत. आचारी म्हणतो 40 किलो तांदूळ आणा, काका म्हणतात 25 पुरते. शिजल्यावर किती होईल अन् मंडपवाल्याकडून कोणता गंज सांगू? त्याच्याकडे 50 लिटरचे आहेत.
– एक भाऊ, अर्जुनी मोरगाव

उत्तर : भाऊ, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पंगतीत पोळी, पुरी, गोड, मसालेभात असं सगळं असेल तर माणशी 80 ते 100 ग्रॅम तांदूळ पुरतो, म्हणजे 25 ते 30 किलो. पण तुमचा धानाचा भाग, वरण-भातावर माणूस मोकळ्या हाताने जेवतो, तिथे सव्वाशे ग्रॅम धरावे लागतात, म्हणजे साडे-सदतीस, आचाऱ्याच्या जवळ. मी म्हणेन 35 किलो शिजवायला घ्या आणि वर 5 किलो बाजूला ठेवा, आधण ठेवून वैरायला वीस-पंचवीस मिनिटंच लागतात, कमी पडतंय दिसलं की लावायचा, उरलेला तांदूळ घरी जातो पण उरलेला भात मे महिन्यात संध्याकाळपर्यंत पण टिकत नाही.

35 किलोचा भात 90 ते 95 किलो होईल. आता गंजाचं. 10 किलो तांदळाला पाणी 20 लिटर धरलं तर सुरुवातीला गंजात सगळं मिळून 27 लिटरच दिसतं, माणूस फसतो, वाटतं अजून जागा आहे, टाका अजून पाच किलो. शिजून मोकळा झाला की तोच भात 27 किलो वजनाचा होतो अन् 38-40 लिटर जागा घेतो. वर हलवायला जागा लागते, झाकण बसावं लागतं. म्हणून 50 लिटरच्या गंजात 10 किलो, त्याच्या वर नाही. तुमच्या 35 किलोला चार गंज, किंवा दोन गंज दोनदा. दोनदाच करा, दुसरी पंगत बसेपर्यंत गरम भात मिळतो.

आणि तांदूळ कोणता आणता ते आचाऱ्याला आधी सांगा. दिवाळीनंतर निघालेल्या धानाचा तांदूळ मे महिन्यात सहा-सात महिन्यांचा होतो, बरा असतो, पण वर्षभर जुना मिळाला तर अजून चांगलं, जुना तांदूळ पाणी जास्त पितो, फुलतो, मोकळा राहतो अन् तेवढ्याच किलोत जास्त माणसं जेवतात. नवा तांदूळ लवकर गिचका होतो, त्याला पाणी कमी. आपल्याकडचा एचएमटी बारीक आहे, पंगतीला शोभतो. हे वाण आपल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात वेगळ्या लोंब्या हेरून, निवडून निवडून तयार केलं, घड्याळाचं नाव त्याला दिलं, 2018 ला ते गेले. पंगतीत एचएमटीचा भात वाढताना मला दरवेळी त्यांची आठवण येते, म्हणून इथे लिहिलं.

प्रश्न : राईस कुकरसोबत आलेला कप अन् रेसिपीतला कप एकच का? माझा भात नेहमी कमी पडते.
– नवीन गृहिणी, मूल

उत्तर : एक नाही. कुकरचा कप बहुतेक 180 मिलीचा असतो, त्यात 150 ग्रॅम तांदूळ बसतो. रेसिपीतला कप 240 मिलीचा, त्यात 185 ते 195 ग्रॅम. तुम्ही रेसिपी बघून दोन कप घेता अन् कुकरच्या कपाने मोजता, तिथेच 80 ग्रॅम तांदूळ, म्हणजे 200 ग्रॅमच्या वर भात कमी होतो, एका माणसाचा. कुकरच्या आत ज्या रेघा असतात त्या त्याच्याच कपाच्या हिशोबाने असतात, म्हणून कुकरला कुकरचाच कप वापरा.

प्रश्न : आमच्या आजीची पायली घरात आहे. ती म्हणते पायलीभर तांदळात अख्खं घर जेवते. पायली म्हणजे किती किलो? नेटवर वेगवेगळं लिहिलं आहे.
– कॉलेजची पोरगी, लाखांदूर

उत्तर : तुझी आजी जे म्हणते ते खरं आहे पण त्याचा किलो एकच नाही. पायली हे जागेचं माप, वजनाचं नाही, चार शेरांची पायली हा हिशोब सगळीकडे सांगतात पण मापाचा शेर गावागावात लहान-मोठा होता. वजनाचा शेर वेगळा, तो 80 तोळ्यांचा, आजचे 933 ग्रॅम. 1956 चा कायदा आला अन् 1962 पर्यंत बाजारात किलो-लिटर सक्तीचे झाले, तरी घराघरात पायली राहिलीच, धान मोजायला अन् मजुरी द्यायला.

आणि एकाच पायलीत काय भरता त्यावर पण वजन बदलतं. आमच्या घरची पायली मी तोलली होती, सपाट भरलेला तांदूळ 3 किलो 100 अन् त्याच पायलीत धान 2 किलो 150, कारण धानाला टरफल असतं, ते जागा जास्त घेतं अन् वजन कमी देतं. शीग लावली की तांदूळ पाव किलोच्या वर वाढला. आमच्या त्या पायलीभर तांदळाचा भात झाला 8 किलोच्या पुढे, 30 माणसं जेवतील इतका, म्हणजे तुझ्या आजीचं घर केवढं भरलेलं असेल बघ. मिलमध्ये सरकारी हिशोबाने क्विंटलभर धानातून 67 किलो तांदूळ धरतात, ते डोक्यात ठेवलं तर पायलीभर धानाचा भात किती हे पण तुला काढता येईल.

तुझी पायली मोजायची तर तांदूळ सपाट भर, वरून काठी फिरव, मग तो तांदूळ दुकानात तोलून आण, आजीला सोबत घेऊन जा, तिला विचार की तिच्या वेळी सपाट मोजत की शीग लावून, अन् ते पण तारखेसकट लिहून ठेव. पायली लोखंडी असेल तर पाणी भरून मोजत बसू नको, जंग लागते.